हळदीचा डाग आणि सात दिवसांचं ऊन

आमच्या फाटकाचा डावा खांब घर बांधलं तेव्हापासून जिथे होता तिथेच आहे. ह्यांचं मात्र म्हणणं असं, की गेल्या दोन वर्षांत तो आत सरकला. गाडीच्या डाव्या अंगावर तीन ओरखडे आले ते ह्यांच्यामुळे नाही, खांबामुळे. एकदा गवंड्याला बोलावून टेपनं मोजूनही झालं. खांब निर्दोष निघाला, तेव्हा गवंड्याची टेप खोटी ठरली.

दिवाळीला बंगळुरूहून लेक आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. रायपूरच्या मराठी घरांतली तिच्या वयाची बहुतेक पोरं अशीच. तिनं खांब पाहिला, ओरखडे पाहिले आणि चहा व्हायच्या आत निकाल दिला.

“पापा, अब बहुत हो गया. गाड़ी बेच दो. कहीं जाना हो तो कैब मंगा लो.”

हे चौसष्ट वर्षांचे. भनपुरीला ट्रकांच्या सुट्या भागांचं दुकान तीस वर्षं चालवलं आणि मागच्या वर्षी बंद केलं. दुकान गेल्याचं ह्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून गाडीची किल्ली घरातल्या घरातही खिशातच असते. झोपताना उशीखाली.

“तीस वर्षं भनपुरीच्या ट्रकांतून गाडी काढली मी,” हे कडाडले. “अन् तू मले खांब शिकवून राहिली?”

आता खरी गंमत अशी, की लेकीनं त्याच दिवाळीत आम्हा दोघांना मॉरिशसची सहल भेट दिली होती. सात दिवस, राहण्याची सोय, गाडी, ड्रायव्हर, सगळं ठरलेलं. ह्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की ड्रायव्हर नको, तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, सातही दिवस मीच चालवीन. लेक आपल्या बापाचीच. ती म्हणाली, “ठीक है. गाड़ी जैसी मिले वैसी ही लौटानी है. एक खरोंच नहीं, एक दाग नहीं. जीत गए तो चाबी आपकी. हार गए तो गाड़ी बिकेगी. और रोज़ शाम को वीडियो पे चारों तरफ़ से दिखाओगे.”

हे म्हणाले, “मंजूर.” मला कुणी विचारलंच नाही.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला त्या किल्लीचं काही पडलेलं नाही, मला ज्वालामुखी पाहायचा आहे. पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर ज्वालामुखी इतक्या वेळा काढला, की डोळे मिटून काढता येईल: मधे नळी, वर तोंड, लाल खडूनं लाव्हा. प्रत्यक्षात एकही पाहिलेला नव्हता. रायपुरात साधी टेकडी पाहायची म्हटली तरी शहराबाहेर जावं लागतं. आणि हे सगळं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं! मी मुलींना इतकी वर्षं सांगत आले ते खरं आहे की नाही, हे एकदा तपासून घ्यायचं होतं.

निघताना लेकीनं माझी बॅग तपासली. नारळ काढून घेतला, लिंबं काढून घेतली, म्हणाली विमानतळावर अडवतील. पर्समधला हळदकुंकवाचा करंडा तिच्या नजरेतून सुटला. सुटला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं.

गाडी मिळाली ती पांढरीशुभ्र. हे आत काउंटरवर सह्या करत होते आणि मी बाहेर त्या गाडीपाशी उभी होते. परका देश, परकी गाडी, आणि चालवणारा माणूस खांबांशी भांडणारा. आमच्याकडे सायकल घेतली तरी तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी पायडल मारत नाही. मला राहवेना. हळद पाण्यात कालवली तर वाऱ्यानं उडून जाते, म्हणून मी डोक्याला लावायच्या बाटलीतलं खोबरेल तेल दोन थेंब घातलं, आणि बॉनेटच्या मधोमध छानपैकी स्वस्तिक काढलं. चार बोटं रुंद. वर कुंकवाचे ठिपके. हात जोडले. म्हटलं, बाई, ह्यांना सांभाळ.

हे बाहेर आले. स्वस्तिक पाहिलं. चेहरा पडला.

“हे काय करून ठेवलं?”

“पूजा केली. काहून? आपल्या गाडीची नाही करत का?”

“आपल्या गाडीची करतो न! ही परत द्याची आहे!”

ओल्या कागदानं पुसलं. कुंकू गेलं. हळद गेली नाही. साबणानं धुतलं, रुमालानं घासलं. तापलेल्या पत्र्यावर तेलातली हळद अशी बसली होती, की जणू गाडी कारखान्यातूनच तशी निघाली. पोरीचे शब्द दोघांच्याही कानात होते: एक दाग नहीं.

“मी किल्ली फिरवायच्या आधीच तू मले हारवून टाकलं,” हे म्हणाले. ते ओरडले असते तर मी दुपटीनं ओरडले असते. पण ते हळू बोलले, आणि मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हा मला आईचं अंगण आठवलं. वरणाचा, हळदीचा डाग पडला की आई कपडा धुऊन ओलाच उन्हात टाकायची. साबणानं न जाणारी हळद ऊन खाऊन टाकतं. मी म्हटलं, “अहो, आपल्यापाशी सात दिवस आहेत अन् ऊन फुकट आहे. गाडी उन्हात ठेवू.”

तिथून आमची सहल सूर्यानं चालवली. कुठे जायचं हे त्या ठिकाणी काय आहे यावरून ठरायचं नाही, ऊन किती आहे यावरून ठरायचं. हे सकाळी उठून आधी खिडकीतून आकाश पाहत. समुद्रकाठी सुरूच्या झाडांखाली सगळ्या जगाच्या गाड्या सावलीला उभ्या, आणि आमची एकटी भर उन्हात वाळूच्या कडेला, तोंड सूर्याकडे करून. दोन वाजले की हे उठून तिचं तोंड फिरवून यायचे. मी पाण्यात पाय सोडून बसलेली असायचे आणि मागून ह्यांची हाक, “चल, ऊन सरकलं!” गाडीत बसलं की पट्ट्याच्या लोखंडाचा चटका बसायचा. शेजारच्या एका पाहुण्या जोडप्यानं आम्हाला सावलीतली जागा देऊ केली, तर हे हात जोडून नको म्हणाले. ती माणसं आम्हाला वेडी समजली असणार.

संध्याकाळी व्हिडिओचा तमाशा. हे फोन घेऊन गाडीभोवती फिरायचे, डावी बाजू, उजवी बाजू, मागची. पुढे आले की मी बॉनेटला टेकून उभी. एके दिवशी पदर पसरून, एके दिवशी केळ्यांचा घड मांडून, एके दिवशी नुसतीच हसत.

“मम्मी, आप रोज़ बोनट पे ही क्यों टिकी रहती हो?”

“गुडघे दुखून राहिले बेटा,” मी म्हटलं. पस्तीस वर्षं मुलींना खोटं बोलू नका सांगितलं, त्याची अशी वाट लागली.

गाडी चालवण्याबद्दल बोलायचं, तर हे चांगली चालवत होते. पहिल्याच गोल चौकात सवयीनं हॉर्न वाजवला तर सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. त्यानंतर सात दिवस हॉर्न नाही, ह्यांचा अंगठा नुसता शिवशिवत राहिला. दोन्हीकडे उसाची शेतं, शेतांत मधेच काळ्या दगडांचे ढीग. हे दगड जुन्या लाव्ह्याचे, शेत करणाऱ्यांनी एकेक वेचून बाजूला रचलेले, असं मी सांगत होते, आणि सांगता सांगता माझी दुसरी कामगिरीही चालू होती. “चौक आला. दुसऱ्या रस्त्यानं बाहेर. डावीकडं खांब. पुढं बाई जाऊन राहिली. गतिरोधक.” रायपुरातही मी हेच करते. सदर बाजारातून जाताना तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते: गाय, स्कूटी, हातगाडी, खड्डा. हे म्हणतात, “दिसलं मले.” मी म्हणते, दिसलं तर दिसलं, सांगायला काय जातं.

चौथ्या दिवशी मी हट्टाला पेटले. बेटाच्या मधोमध उंचावर एक गाव आहे, तिथे जुन्या ज्वालामुखीचं तोंड आहे. तिथे नेहमी ढग असतात, म्हणून हे तीन दिवस टाळत होते. मी म्हटलं, डाग राहिला तर राहू द्या, मी तोंड पाहिल्याशिवाय परत जाणार नाही. ह्यांनी वीस मिनिटं मंजूर केली.

मी काठावर जाऊन उभी राहिले. धूर नाही, लाव्हा नाही. हिरव्या झाडांनी काठोकाठ भरलेली एक मोठी खोलगट जागा, तळाशी थोडंसं पाणी. भोवतालच्या रस्त्यावरून माणसं पायात बूट घालून फेऱ्या मारत होती. आयुष्यभर ज्याला मी लाल खडूनं रंगवलं, त्याच्याभोवती लोक वजन कमी करत होते. मला आधी हसू आलं, आणि मग एकाएकी रडू आलं. का, ते अजूनही नीट सांगता येत नाही. आनंदच होता तो.

हे गाडीपाशी घड्याळ पाहत उभे होते ते शेजारी येऊन उभे राहिले. “हाच का तुझा फळ्यावरचा?”

“हाच. पण हा झोपला आहे.”

“चांगला आहे. शांत आहे. तुझ्यासारखा नाही.” आणि वीसची चाळीस मिनिटं झाली तरी काही बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी आम्ही सात रंगांची माती पाहायला गेलो. जुना लाव्हा झिजून झिजून त्याची माती झाली आणि तिचे रंग वेगवेगळे निघाले; लाटांसारख्या टेकड्या, वर पट्टेच पट्टे. मी कठड्याला धरून मोजले. सहा नक्की, सातवा मी भाविकपणे मान्य केला. हे बराच वेळ पाहत राहिले.

“मले तर तीनच दिसून राहिले,” हे म्हणाले. “लाल, तपकिरी, अन् मातीचा.”

“अहो तो पिवळा पाहा न. तिकडं जांभळा.”

“फसवून राहिले लोकायले. तीन रंग अन् पाटी सातची.”

माझा पारा चढला. तिथेच आम्ही रंगांवरून असे भांडलो, की आजूबाजूच्या लोकांनी माती सोडून आमचेच फोटो काढायचे बाकी राहिले. उतरताना रस्ता वळणावळणाचा, ऊन समोरून येत होतं. एका वळणावर फिकट सदऱ्यातला एक माणूस सायकल हातात धरून कडेनं चढत होता. मी ओरडले, “माणूस!” करकचून ब्रेक लागला. माणूस हात हलवून पुढे गेला. हे म्हणाले, “दिसला होता मले.” मी भांडणाच्या रागात होते, म्हणून पुढे काही बोलले नाही.

सातव्या दिवशी सकाळी गाडी परत द्यायची होती. ऊन लख्ख पडलं होतं. मी सामान बांधत होते, तर हे अंगणातून हाका मारायला लागले. बाहेर गेले. हे बॉनेटपाशी उभे, चेहरा दुकानाच्या उद्घाटनाला होता तसा.

“पाह्य. साफ! तुझ्या आईले मानलं आपण. फोटो काढ.”

मी पाहिलं. डाग फिकट झाला होता, खूपच. पण होता. स्वस्तिकाचे दोन हात आणि एक ठिपका, फिक्या पिवळ्या रंगात, पांढऱ्यावर स्वच्छ दिसत होते.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. म्हटलं, “नीट पाहा.”

“काय पाहा? इथंच होता न?” आणि ह्यांनी बोट फिरवलं, अगदी बरोबर त्या पिवळ्या हातावरून. “कुठं आहे? दाखव न.”

मला तीन रंगांची माती आठवली, सायकलवाला आठवला, आत सरकलेला खांब आठवला. आणि माझी ती अखंड बडबड. दोन वर्षं मी समजत होते, की मी सवयीनं बोलते आणि हे सवयीनं ऐकतात. हे तर माझ्या आवाजावर गाडी चालवत होते.

“गेला,” मी म्हटलं. “पुरता गेला.” आणि फोटो काढला. बोट डागावर, चेहरा हसरा.

काउंटरवरची मुलगी गाडीभोवती फिरली. बॉनेटपाशी थांबली. तिनं डागाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे. हे मागून सामान काढत होते. मी तिच्यापुढे हळूच हात जोडले. ती हसली, कागदावर सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. तिला एका नजरेत दिसलं होतं.

लेकीला फोन गेला. “पापा जीत गए! चाबी आपकी!” असं ती ओरडली, आणि हे विमानात शेजारच्या माणसाला मुंबईपर्यंत सगळ्या गोल चौकांची हकीकत सांगत होते. किल्ली सात दिवस घरी होती, तरी ह्यांचा हात खिशावर होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला इतकी भीती आयुष्यात क्वचित वाटली असेल. सांगावं तर ह्यांची किल्ली जाते, न सांगावं तर कधीतरी हेच जातील, नाहीतर रस्त्यावरचं कुणी दुसरं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी हे पंडरीच्या कापडबाजारात निघाले, लेकीच्या सासरी द्यायला कापड घ्यायचं होतं. किल्ली फिरवायच्या आत मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले आणि फोनमधला फोटो पुढे केला.

“यात डाग कुठं आहे ते दाखवा.”

ह्यांनी फोटो मोठा केला, लांब धरला, जवळ धरला. “नाही आहे. काहून?”

भांडी घासणारी बाई अंगणात आली होती. मी तिला बोलावून फोटो दाखवला, काय दिसतं विचारलं. तिनं ओला हात पदराला पुसला, वाकून पाहिलं आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, “भैया हे, गाड़ी हे. अउ ए पिंवरा-पिंवरा... हरदी लगे हे का दीदी?”

“हव,” मी म्हटलं. “हरदीच आहे.”

 हे गाडीतून उतरले, फोटो पुन्हा पाहिला, फोन मला परत दिला. मग म्हणाले, “तिथंच काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही जिंकले होते न,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं. ह्या वेळचं रडू आनंदाचं नव्हतं.

दोन दिवस घरात नुसती भांड्यांचीच बोलाचाली. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःहून लेकीला फोन लावला. म्हणाले, “बेटा, दाग होता. मले दिसला नाही.” पलीकडून तिचा बारीक आवाज, “पहले आँख दिखा लो पापा, प्लीज़.” ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती तांदळाच्या डब्यात टाकली.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. डावा पिकलेला, उजवा मागोमाग. फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक अशा डोळ्यांना उमगतच नाही, म्हणाले. आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग उजव्याचं. शेवटची पट्टी निघाली त्या दुपारी हे फोन घेऊन बसले आणि त्या सात रंगांच्या मातीचा फोटो शोधून रंग बोटानं मोजायला लागले. सहापर्यंत गेले. मग बॉनेटचा फोटो उघडला आणि किंचाळले, “अगं, हा त केवढा आहे! हे घेऊन तू त्या काउंटरवरच्या पोरीसमोर उभी राहिली?”

महिन्याभरानं डॉक्टरांनी परवानगी दिली, लेकीनंही दिली. मी डब्यातून किल्ली काढली, तांदळाची पावडर झटकली. हे गाडी घेऊन फाटकातून निघाले, खांबाला वीतभर जागा सोडून. मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. ह्यांना स्वतःच्या डोळ्यांनी चालवू द्यायचं. पंडरीत गप्प राहिले, मग सदर बाजारात शिरलो. स्कूटी आली, मी ओठ दाबले. हातगाडी आली, मी पदर मुठीत धरला. पुढे रस्त्याच्या मधोमध गाय बसलेली. ह्यांनी ती लांबूनच पाहिली, वेग कमी केला आणि आरामात गाडी थांबवली.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आज काहून गप आहे तू?”

“तुम्हाले दिसून राहिलं न सगळं आता.”

“दिसून राहिलं. पण तू बोल. तू नाही बोलली त मले गाडी चालवून राहिल्यासारखं वाटतच नाही.”

गाय समोरच होती. “गाय,” मी म्हटलं.

“दिसली मले,” हे म्हणाले, आणि हॉर्न वाजवला.